दिवसाच्या मापाचे गाणे : बहिणाबाई चौधरी यांचे जीवन

१

बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेचा महाराष्ट्रातील प्रसार पुष्कळसा सुट्या वचनांच्या रूपाने झालेला आहे. दिनदर्शिकेचे पान, शाळेची भिंत, लग्नपत्रिका, निरोपसमारंभातील भाषण अशा ठिकाणी संसार, मन, श्वास यांविषयीचे त्यांचे उद्गार भेटत राहतात. या प्रसारामुळे बहिणाबाई सर्वांच्या झाल्या, हे खरेच. परंतु त्याचबरोबर त्यांच्या जीवनाकडे पाहण्याची एक ठराविक रीतही रूढ झाली. निरक्षर असूनही तत्त्वज्ञ, शेतकरीण असूनही कवयित्री, विधवा असूनही प्रसन्न, अशी ती रीत आहे. तिच्यातील 'असूनही' हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. त्यात असे गृहीत धरलेले असते की, शेत, जाते, चूल आणि वैधव्य हे या प्रतिभेच्या वाटेतील अडथळे होते आणि ते ओलांडून ती कुठेतरी वर पोचली.

त्यांच्या आयुष्याचा क्रम मात्र निराळे सांगतो. बहिणाबाई आपल्या दिवसाच्या वर गेल्या नाहीत. त्या त्या दिवसात पूर्णपणे उतरल्या. त्यांचे बहुतेक प्रत्येक गाणे एखाद्या कामाच्या प्रहराला, एखाद्या अवजाराच्या लयीला किंवा सणाच्या एखाद्या दिवसाला बांधलेले आहे. वचनाला कालातीत करण्यासाठी प्रथम त्याचा काळ काढून घ्यावा लागतो. तो काळ गाण्याला परत दिला, तर हाती येणारी बहिणाबाई ही सुभाषितकार राहत नाही. समोरच्या दिवसाकडे डोळे उघडे ठेवून पाहणारी, त्याचा भार आणि त्याची चव या दोहोंची नोंद घेणारी एक बाई दिसू लागते. सामान्य दिवसाचे मोल म्हणजे काय, हा प्रश्न तिच्या संदर्भात भावविवशतेशिवाय विचारता येतो; कारण तिचे दिवस सुखाचे नव्हते.

२

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी खानदेशातील आसोदे या गावी झाला. गाव जळगावजवळचे, काळ्या कसदार जमिनीचे. वडिलांचे नाव उखाजी महाजन, आईचे भीमाई. घामा, गना आणि घना हे तीन भाऊ, अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. घर शेतकऱ्याचे, माणसांनी भरलेले. त्या काळी अशा घरातील मुलीला शाळा ठाऊक नसे. तिचे शिक्षण कानाने आणि हाताने होई. पहाटेच्या दळणाच्या ओव्या, देवळातील कीर्तन, पोथीचे श्रवण, सणावाराच्या कहाण्या, म्हणी आणि उखाणे हा तिचा अभ्यासक्रम होता. बहिणाबाईंना अक्षरओळख कधीच झाली नाही. आपल्याला बोलायला शिकवणारी सरस्वती आहे, अशी श्रद्धा मात्र त्यांच्या गाण्यात व्यक्त झालेली आहे.

माहेराचे हे दिवस संख्येने थोडे होते. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला. आसोदे ते जळगाव हे अंतर फार नाही. बैलगाडीने सहज जाऊन येण्यासारखे. परंतु सासुरवाशिणीच्या जीवनात अंतर कोसांनी मोजले जात नाही. माहेरी जाणे हे वर्षातून ठरलेल्या सणाला, कोणी न्यायला आले तर. म्हणूनच आखाजीचा सण, त्याचे झोके, त्या दिवसांपुरते परत मिळणारे मुलीपण, आणि माहेराच्या वाटेवरील प्रत्येक खूण ही बहिणाबाईंच्या गाण्यात एवढ्या तपशिलाने येते. वाटेवरचे दगडसुद्धा ओळखीचे झाले आहेत, असा त्या तपशिलाचा सूर आहे. जे क्वचित मिळते ते नीट पाहून घेतले पाहिजे, ही दृष्टी येथे प्रथम दिसते. पुढे तीच दृष्टी त्यांनी रोज मिळणाऱ्या गोष्टींकडेही वळवली. त्यांच्या प्रतिभेचे वेगळेपण या वळणात आहे.

३

चौधरींचे घराणे जमीनजुमल्याचे, वाडा मोठा, कुटुंब एकत्र. अशा घरातील सुनेचा दिवस पहाटेच्या आधी सुरू होई. प्रथम जाते. ज्वारीचे दळण रोजचे, कारण पीठ साठवण्यापेक्षा ताजे दळून भाकरी करण्याची रीत. मग सडासारवण, पाणी, चूल, न्याहारी, शेताकडे जाणाऱ्यांची शिदोरी. हंगाम असेल तर स्वतः शेतात निंदणी, कापणी, वेचणी. दिवेलागणीला पुन्हा चूल. हा क्रम एकट्या बहिणाबाईंचा नव्हता. खानदेशातील हजारो स्त्रियांचा होता. बहिणाबाईंचे वैशिष्ट्य एवढेच की, या क्रमातील एकही टप्पा त्यांच्या लक्षाबाहेर राहिला नाही.

जात्याला खानदेशात घरोट म्हणतात. त्याच्यावरील गाण्यात बहिणाबाई दळण आणि गाणे यांची सांगड घालतात. जात्यातून जसे पीठ पडते, तसे पोटातून ओठावर गाणे येते, अशी ती कल्पना. ही केवळ शोभेची उपमा म्हणून सोडून देण्याजोगी नाही. तीत निर्मितिप्रक्रियेचे अचूक निवेदन आहे. दळताना शरीर एका ठराविक लयीत फिरत असते, हात गुंतलेले असतात, मन मोकळे असते आणि श्वासाच्या मापाने शब्द बाहेर पडतात. पीठ आणि गाणे एकाच हालचालीचे दोन परिणाम आहेत. पीठ त्याच दिवशी भाकरी होऊन संपते. गाणेही पुष्कळदा त्याच दिवशी संपत असावे.

चुलीवरचे गाणे याहून वेगळ्या स्वभावाचे आहे. चूल पेटत नाही, धूर डोळ्यांत जातो, बाईचा जीव मेटाकुटीस येतो, अशी ती नोंद आहे. येथे कोणतेही उदात्तीकरण नाही. ग्रामीण जीवनातील कष्टांना सौंदर्याची झालर लावण्याची जी सवय नागर साहित्याला लागली, तिचा येथे स्पर्शही नाही. धूर हा धूर आहे आणि तो डोळ्यांना झोंबतो. तरीही त्या धुराशी बोलता येते, चुलीवर रागावता येते, तिची विनवणी करता येते. ज्याच्याशी बोलता येते ते जड राहत नाही. बहिणाबाईंच्या जगात जाते, चूल, मोट, बैल, वारा, विहीर या साऱ्यांना संबोधनाचा मान आहे. संबोधन हे वर्तमानाचे व्याकरण होय. अनुपस्थिताला हाक मारतानाही आपण त्याला समोर आणतो. समोर असलेल्याला हाक मारताना आपण त्याचे समोर असणे मान्य करतो.

या ठिकाणी बालकवींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. बालकवी ठोमरे यांचा जन्म १८९० साली याच भागातील धरणगाव येथे झाला आणि १९१८ साली जळगावजवळच्या भादली येथे रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला. एकाच प्रदेशातील, एकाच कालखंडातील हे दोन कवी परस्परांना अपरिचित अशा दोन जगांत वावरले. बालकवींचा निसर्ग पाहण्यासाठी माणसाला कामातून मोकळे होऊन, एकटे होऊन त्याच्याकडे जावे लागते. बहिणाबाईंना निसर्ग काम करतानाच भेटतो. पाऊस पेरणीसाठी पडतो, वारा उपणणीसाठी वाहतो, सुगरणीचा खोपा विहिरीवरच्या झाडाला लोंबताना दिसतो. पाहण्यासाठी त्यांना वेगळी सवड मिळालीच नाही. आणि पाहणे हे सवडीचे काम आहे, असे त्यांना वाटलेलेही दिसत नाही.

४

ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी, अशी बहिणाबाईंची तीन अपत्ये. सोपानदेवांचा जन्म १९०७ चा. ऐन तिशीत बहिणाबाईंना वैधव्य आले. नथुजींच्या निधनानंतर आर्थिक, सामाजिक आणि मानसिक अशा तिन्ही बाजूंनी त्यांची ओढाताण झाली. ओंकारला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. धाकटी मुले, अपंग मुलगा, शेतीचा व्याप आणि विधवेच्या वाट्याला येणारे समाजाचे नियम अशी ही कोंडी होती. यापुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी या अवस्थेत काढली. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग.

बहिणाबाईंच्या प्रसन्नतेविषयी बोलताना ही चाळीस वर्षे डोळ्यांआड होता कामा नयेत. वैधव्यावरील त्यांच्या गाण्यात विलाप आहे. पण तो फार वेळ चालत नाही. कुंकू पुसले गेले तरी कपाळावरचे गोंदण राहिले, बांगड्या फुटल्या तरी मनगटातील कर्तृत्व गेले नाही, असा जमाखर्च त्या मांडतात. काय गेले आणि काय उरले याचा हिशेब शेतकरी बाई अतिवृष्टीनंतर शेतात फिरून करते, तसाच हा हिशेब आहे. दुःखाला वैराग्याचे रूप देण्याचा मार्ग त्यांना परंपरेने उपलब्ध होता. विधवेने संसारातून मन काढून हरिनामात घालावे, अशी समाजाचीही अपेक्षा असे. बहिणाबाई देवभक्त होत्या. परंतु संसारातून मन काढून घेण्याचे त्यांना कारण दिसले नाही. उरलेले मनगट कामासाठी आहे आणि काम समोर आहे, हा त्यांचा निष्कर्ष.

त्यांच्या दुसऱ्या एका गाण्यातील ज्योतिषाचा प्रसंग त्यांच्या काळविषयक जाणिवेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. दारी आलेल्या ज्योतिषाला त्या आपला हात पाहू देत नाहीत. त्याने दारी येऊच नये, असे सांगतात. आपले दैव आपल्याला कळून चुकले आहे, हा या नकाराचा एक अर्थ. दुसरा अर्थ अधिक खोल आहे. भविष्य विचारणारा माणूस आजच्या दिवसाला उद्याची पायरी मानतो. ज्या बाईच्या सगळ्या ठरलेल्या उद्यांचा एका दिवसात भंग झाला, तिने उद्याच्या विक्रेत्याला दारातून परत पाठवावे, यात कटुतेबरोबर एक स्वातंत्र्यही आहे. यानंतर तिच्याजवळ उरतो तो आजचा दिवस, आणि तो पुरेसा मोठा आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत तो कामाने भरलेला आहे.

या वर्तमानाला आनंदवाद म्हणता येणार नाही, त्याचप्रमाणे हतबल शरणागतीही म्हणता येणार नाही. आनंदवाद दिवसातील सुखाचा भाग निवडून घेतो. शरणागती दिवसाकडे पाहायचेच थांबवते. बहिणाबाई दिवस निवडत नाहीत आणि डोळेही मिटत नाहीत. धूर, फोड, घाम, भुकेने रडणारे मूल, हसणारी शेजारीण आणि पिकाने भरलेले खळे ही सर्व एकाच पंगतीत बसतात.

५

शेतकऱ्याच्या जीवनात दिवसाला स्वतंत्र अस्तित्व असते आणि वर्षातील स्थानही असते. बहिणाबाईंची शेतीवरील गाणी क्रमाने लावली तर कृषिवर्षाचे चक्र पूर्ण होते. पेरणी, कापणी, रगडणी आणि उपणणी या चारही अवस्थांवर त्यांची स्वतंत्र गाणी आहेत. जमिनीच्या पोटात बी पडणे, त्याचा अंकुर वर येणे, उभे पीक विळ्याखाली येणे, खळ्यात मेढीभोवती बैलांनी कणसे तुडवणे आणि शेवटी वाऱ्यावर धान्य उधळून भुसा वेगळा करणे, या प्रत्येक क्रियेची गती त्या त्या गाण्याच्या चालीत उतरलेली आहे. रगडणीच्या गाण्यात बैलाचे गोल फिरणे जाणवते. उपणणीच्या गाण्यात वाऱ्याची वाट पाहणे आहे. वारा पडला की उपणणारा माणूस काही करू शकत नाही. तो आर्जव करतो आणि थांबतो. हे थांबणे रिकामे नसते. हातात सूप तयार असते.

या चक्रातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. बहिणाबाईंचे वर्तमान हा काळापासून तोडलेला क्षण नाही. पेरणारा हात पीक मनात धरूनच पेरतो. परंतु पेरणीच्या दिवशी पिकाची चिंता करून पेरणी होत नाही; मूठ नीट सोडावी लागते. उद्यावर विश्वास आणि आजवर लक्ष, असे हे शेतकऱ्याचे शहाणपण आहे. आधुनिक नागर जीवनात क्षणात जगण्याचा जो उपदेश केला जातो, त्यात पुष्कळदा उत्तरदायित्वापासून सुटका सूचित असते. बहिणाबाईंच्या दिवसात सुटका नाही. त्यांचा प्रत्येक क्षण कोणाच्या तरी भाकरीशी, बैलाच्या वैरणीशी, रोपाच्या पाण्याशी बांधलेला आहे, आणि त्या बंधनातूनच त्याला वजन प्राप्त झाले आहे.

सणांचेही असेच. गुढीपाडवा, आखाजी, पोळा हे दिवस त्यांच्या गाण्यात येतात ते वर्षभराच्या कामाचे ऋण फेडण्याचे दिवस म्हणून. पोळ्याला बैलाची पूजा होते, कारण उरलेले वर्ष त्याने नांगर ओढला आहे. सणाचा दिवस साध्या दिवसाहून श्रेष्ठ ठरत नाही. साध्या दिवसांची ओळख पटवणे हे त्याचे कार्य आहे. वांग्याच्या भरताच्या जेवणावरही बहिणाबाईंचे एक खेळकर गाणे आहे. आसोदे-जळगावचा परिसर भरताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध. अशा साध्या जेवणावळीवर गाणे होऊ शकते, ही गोष्ट त्या काळातील लिखित मराठी कवितेच्या विषयपत्रिकेशी ताडून पाहिली तर तिचे वेगळेपण ध्यानात येते.

आपत्तीच्या काळातही हीच दृष्टी टिकून राहते. १८९६ नंतर मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने खानदेश होरपळला. प्लेगवरील बहिणाबाईंच्या गाण्यात साथीची व्याप्ती, सरकारचे उपाय किंवा ईश्वरी कोप यांची चर्चा नाही. गाव ओस पडले आहे आणि माणसे खळ्यामळ्यांत भेटत आहेत, एवढे चित्र त्या देतात. इतिहासकाराला मृतांचे आकडे लागतात. या गाण्यात त्या काळी भेटण्याची जागा कशी बदलली, याची साक्ष आहे. मोठ्या घटनेचा साध्या दिवसावर पडलेला ठसा टिपण्याचे हे सामर्थ्य लिखित साधनांत क्वचितच आढळते.

६

बहिणाबाईंची गाणी ही जानपद मौखिक परंपरेत वाढली. पण ती परंपरेने आलेली अनामिक लोकगीते नव्हेत. शब्द, कल्पना आणि मांडणी त्यांची स्वतःची आहे. त्यांच्या भाषेला सामान्यतः अहिराणी म्हटले जाते. वस्तुतः ती जळगाव-आसोदे भागातील लेवा समाजाच्या बोलीला अधिक जवळची आहे आणि तिचे वऱ्हाडीशीही नाते आहे. ही बोली घरातील, शेतातील आणि बाजारातील देवघेवीची. तिच्यात वस्तूला नेमके नाव असते, कारण नाव चुकले तर काम चुकते.

गाणी कागदावर आली ती सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांच्यामुळे. बहिणाबाई काम करता करता बोलत, आणि जवळ असेल ते, जमेल तेव्हा, हे दोघे टिपून घेत. सोपानदेव पुढे स्वतः कवी म्हणून मान्यता पावले. लिखित कवितेच्या जगात मुलगा वावरत होता, आणि घरात आई ज्याला कविता असे नावही देत नव्हती ते बोलत होती. या माय-लेकांच्या नात्यात मराठी कवितेचे दोन प्रवाह एका छपराखाली राहिले, असे म्हणता येईल. आईने मुलाच्या पुस्तकांबद्दल कुतूहल दाखवले आणि मुलाने आईचे बोलणे वहीत उतरवले. यातील दुसऱ्या कृतीचे महत्त्व मुलालाही पुरते कळण्यास काळ जावा लागला.

जळगावातील नानाजींच्या छापखान्यावर बहिणाबाईंचे एक गाणे आहे. कोरा कागद छापून शहाणा होतो, मग माणूस का होत नाही, असा त्यातील नवलाचा आणि उपरोधाचा सूर आहे. अक्षरांच्या बाहेर उभ्या असलेल्या बाईने यंत्राकडे पाहून केलेले हे चिंतन आहे. मुद्रणाचा तिला दरारा वाटत नाही. कामाचे आणखी एक अवजार म्हणून ती त्याच्याकडे पाहते, जसे ती जात्याकडे पाहते. एकातून पीठ पडते, दुसऱ्यातून छापील कागद. आपले स्वतःचे बोल त्या यंत्रात जावेत, अशी इच्छा मात्र या गाण्यात कोठेही नाही.

या इच्छेच्या अभावाचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न अभ्यासकांपुढे उभा राहतो. त्याला विनय म्हणणे सोपे आहे. निरक्षरतेमुळे आलेली असहायता असेही म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. कारण लेखणी हातात असती तर ही बाई काय करती हे सांगता येत नाही. शिक्षणापासून वंचित ठेवल्या गेलेल्या स्त्रियांच्या पिढ्यांचे किती शब्द असे हवेत विरून गेले असतील, याचा विचार केला की त्या विरण्याला मोहक म्हणण्याचे धाडस होत नाही. बहिणाबाईंचीही सगळी गाणी उतरवली गेली नाहीत. जेव्हा ऐकणारा जवळ नव्हता, तेव्हाचे बोल त्या दिवसाबरोबर गेले. दिवस पूर्णपणे जगण्याची ही किंमत आहे, आणि ती अंशतः समाजाने लादलेली आहे. साध्या दिवसाचा गौरव करताना हा हिशेब पुसून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल.

७

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्या वेळी त्या एका शेतकरी कुटुंबातील वृद्ध आई होत्या. कवयित्री म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते. निधनानंतर सोपानदेवांनी वहीतील गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे यांना त्यांचे मोल तत्काळ जाणवले आणि त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक १९५२ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९६१ च्या 'मानिनी' या चित्रपटातून यांतील काही गाणी घरोघरी पोचली. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे नाव विद्यापीठाने धारण करावे, ही घटना अभिमानाची आहे. तिच्यात विद्यापीठावर येऊन पडणारी एक जबाबदारीही अंतर्भूत आहे.

ती जबाबदारी वाचनाच्या पद्धतीची आहे. वर्गात बहिणाबाई शिकवताना त्यांच्या ओळींतून जीवनविषयक सिद्धान्त काढून देण्याची प्रथा आहे. परीक्षेच्या दृष्टीने ती सोयीची असेलही. परंतु श्वासाच्या येण्याजाण्यातील अंतरावर जगणे आणि मरणे उभे आहे, हा विचार एखाद्या ग्रंथातून आलेला नाही. ज्या घरात जन्म, आजारपण आणि मृत्यू एकाच खोलीत, दळणकांडण चालू असताना घडत, त्या घरात तो सुचलेला आहे. मन हे पिकात शिरणाऱ्या ढोरासारखे आहे, हे कळण्यासाठी पिकात शिरलेले ढोर पुन्हा पुन्हा हाकलावे लागते. सिद्धान्त उचलून ढोर मागे ठेवले, तर विद्यार्थ्याच्या हाती टरफल येते. प्रत्येक गाणे त्याच्या प्रहरात, ऋतूत आणि कामात परत नेऊन वाचणे ही बहिणाबाईंच्या अभ्यासाची पहिली अट मानावी लागेल.

योगी आणि सासुरवाशीण यांच्या संवादाच्या गाण्यात या जीवनदृष्टीचा पुढचा टप्पा दिसतो. माहेराचे गोडवे गाणाऱ्या सासुरवाशिणीला योगी विचारतो की, माहेर एवढे थोर असेल तर सासरी नांदायचे कशाला? ती उत्तर देते की, तिच्या लेकीला माहेर मिळावे म्हणून तिला सासरी नांदावे लागते. योग्याने संसार सोडलेला आहे, म्हणून त्याचा प्रश्न तर्काला धरून आहे. बाईने संसार धरलेला आहे, म्हणून तिच्या उत्तरात तर्काबरोबर काळही आहे. तिचा आजचा दिवस कोणाचे तरी माहेर घडवत असतो. पहाटेचे जाते, दुपारचे शेत, संध्याकाळची चूल यांची बेरीज करून एक घर उभे राहते, आणि त्या घराची आठवण घेऊन दुसरी एक मुलगी तिच्या वाटेने जाते.

बहिणाबाई आसोद्याहून निघाल्या तेव्हा अशीच आठवण घेऊन निघाल्या होत्या. जळगावच्या चौधरी वाड्यात त्यांनी अठ्ठावन्न वर्षे काढली. त्या वर्षांतील बहुतेक दिवसांची कोठेही नोंद नाही. इतिहासात नोंदले जावे असे त्या दिवसांत काही घडले नाही. दळण झाले, भाकरी झाल्या, पाणी भरले, पीक आले किंवा बुडाले. त्यांतील काही दिवसांचे थोडेसे पीठ वहीच्या कागदावर सांडले आणि मराठी कवितेला मिळाले. उरलेले त्या त्या दिवशी त्या घरातील माणसांनी खाल्ले. त्यासाठीच ते दळलेले होते.